तेलीबांध्याच्या वाटेवरची लाख

रायपूर शहराच्या पूर्वेस असलेल्या तलावाचे तेलीबांधा हे नाव ‘तेली’ आणि ‘बांध’ या दोन शब्दांच्या संयोगाने सिद्ध झाले आहे; आणि ज्या प्रांतात तीळ व जवस यांचे घाणे पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले त्या प्रांतात तलावाला तेल्याचे नाव मिळावे, हे स्वाभाविकच होय. या नावाचा उच्चदाबाच्या विजेशी काही ऋणानुबंध असेल, अशी कल्पना सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तो आहे, आणि तो या भागातील जवसातून व लाखेतून आलेला आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलातील छत्तीसगढ सुभ्याचे ठाणे 1818 नंतर, इंग्रज अधीक्षकाच्या कारकिर्दीत, रतनपुराहून रायपुरास आले. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. आणि बंगाल-नागपूर रेल्वेचा रूळ येथे पोचल्यावर या मुलखाचा माल समुद्रापार जाऊ लागला. पुढे 1900 च्या सुमारास रायपुराहून तेलीबांध्यावरून धमतरीस जाणारी अडीच फुटी लहान रेल्वे सुरू झाली. धान, इमारती लाकूड आणि हिरडा यांच्याबरोबरच पळस व कुसुम या वृक्षांच्या डहाळ्यांवर कीटकांनी निर्मिलेली लाखही या भागातील जंगलांतून बाजारपेठेत येत असे. आता रायपुराजवळच्या त्या रुळांच्या जागी द्रुतगती मार्ग झाला आहे.

कृत्रिम रंगांचा प्रसार झाल्यावर लाखेच्या तांबड्या रंगाला असलेले गिऱ्हाईक आटले, तरी लाखेचा व्यापार मात्र बुडाला नाही. कारण त्याच काळात विद्युत्‌यंत्रे बांधणाऱ्या कारखान्यांना तिची निकड भासू लागली होती. अभ्रकाचे पातळ पापुद्रे एकावर एक रचून ते स्पिरिटात विरघळविलेल्या चपडा लाखेने सांधले म्हणजे मायकानाइट हा पदार्थ तयार होतो. जनित्रांच्या तांब्याच्या वेटोळ्यांना पुष्कळ काळ त्याचेच वेष्टन असे. जवसाच्या तेलाचे रोगण चढविलेले सुती कापडही त्याच कामी येई. बेकलंडने 1907 मध्ये बेकेलाइटचा शोध लावला तो मुळात लाखेला पर्याय शोधण्याच्या उद्योगातूनच, इतके तिचे महत्त्व होते. आधुनिक युगाच्या या मूळ द्रव्यांत आपल्या वनवासी मजुराच्या श्रमाचा वाटा किती मोठा होता, हे विजेचे इतिहासकार फारसे लिहीत नाहीत, आणि मला ती उणीव जाचते.

परंतु लाखेत एक दोष होता. उष्णतेने ती मऊ होते, यंत्र तापून निवाले की पापुद्रे किंचित सुटतात, आणि त्यांच्यामध्ये हवेच्या सूक्ष्म पोकळ्या राहतात. अशा पोकळीतील हवेवर भोवतालच्या घन द्रव्यापेक्षा विद्युत्‌क्षेत्राचा ताण अधिक पडतो, आणि तो सोसण्याची शक्ती मात्र हवेत कमी असते. म्हणून सबंध वेष्टन शाबूत असतानाही त्या पोकळीपुरती ठिणगी पडते. हेच आंशिक विद्युत्‌विसर्जन, कारखान्यातील मंडळींच्या बोलीत ‘पी. डी.’. आपल्याकडील प्रवाह सेकंदाला 50 आवर्तनांचा असल्याने प्रत्येक अर्ध्या आवर्तनास एक ठिणगी धरली तरी एका वर्षात त्या 300 कोटींहून अधिक होतात. आणि प्रत्येक ठिणगी भोवतालचे द्रव्य कणाकणाने जाळीत, वृक्षाच्या मुळ्यांसारख्या फांद्या फोडीत पुढे सरकते. अभ्रक मात्र या जाळाला दीर्घकाळ पुरून उरते, आणि म्हणूनच लाख गेली तरी मोठ्या जनित्रांत अभ्रक आजही टिकून आहे.

पूर्वीची कसोटी सरळ होती: यंत्रावर नेहमीहून बराच अधिक दाब एक मिनिट ठेवावा, वेष्टन फुटले नाही तर माल पास करावा. टाटांच्या खोपोली केंद्रातून 1915 मध्ये लाखभर व्होल्टांच्या घरातील दाबाने मुंबईस वीज आली, त्या काळी हीच रीत होती. पण तिने आजची मजबुती कळे, आतील क्षय कळत नसे. शेरिंगच्या ‘सेतू’ या मापन-मंडलाने 1920 च्या सुमारास विद्युत्‌रोधनातील एकूण ऱ्हास मोजता येऊ लागला. तोही सरासरीच सांगे, एका कोपऱ्यातील पोकळी त्यात बुडून जाई. विसर्जनाच्या खुणा मात्र त्याच्या फार आधीच दिसल्या होत्या: गटिंगेनच्या लिख्टेनबर्गने 1777 मध्ये राळेच्या थाळीवर धूळ पेरून विजेची ताराकृती चित्रे उमटविली, तीच या शास्त्राची पहिली नोंद मानतात.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ती ठिणगी ऐकण्याची साधने हाती आली. रेडिओत होणाऱ्या खरखरीवरून सुगावा लागला, मग तिचा विद्युत्‌भार मोजण्याचे यंत्र आले. या विषयावरचा क्रूगरचा ग्रंथ 1964 मध्ये निघाला आणि 1968 मध्ये या मापनाचे आंतरराष्ट्रीय मानक मुक्रर झाले. या मानकाचे परिमाण पिकोकूलोम. मोठ्या रोहित्रांसाठी पूर्वी 500 पिकोकूलोमची मर्यादा होती, ती 2013 मध्ये 250 वर आणली गेली. म्हणजे एक अँपिअर प्रवाहात एका सेकंदात जितका विद्युत्‌भार वाहतो, त्याचा 400 कोटीवा हिस्सा. इतकी बारीक कुजबुज पारखण्यासाठी धातूच्या पत्र्यांनी मढविलेले दालन लागते, कारण बाहेरचे आकाशवाणीचे तरंग आणि शेजारच्या वेल्डिंगचा उपद्रव त्यात मिसळला तर सदोष व निर्दोष यांत भेद करता येत नाही. ही परीक्षा घेणाऱ्या माणसाकडे यंत्राइतकाच संयमही असावा लागतो, असे माझे मत आहे. पडद्यावरचे ठिपके आवर्तनाच्या कोणत्या भागावर पडतात यावरून दोष तेलातील बुडबुड्याचा, कागदाच्या सुटलेल्या थराचा की टोकदार धातूचा, हे अनुभवी परीक्षक ताडतो.

आज रायपूरजवळील उपकेंद्रातून 765 हजार व्होल्टांच्या वाहिन्या वर्ध्याकडे येतात, आणि कोळशाच्या प्रदेशातील वीज विदर्भात उतरते. त्या दाबाच्या रोहित्रात तेल खनिज असते, कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. घाण्याचे जवस किंवा पळसाची लाख त्यात नाही. रवानगीपूर्वी परीक्षागृहाचे दार बंद करून ते नेहमीहून अधिक दाबाखाली तासभर ठेवतात, आणि आत कोठे कुजबुज होते काय याकडे परीक्षक त्या सबंध तासात कान लावून बसतो.