सात दिवसांचं कॉलेज

आमच्या वाडीत कॉलेजच्या पोरांचं शिबिर पहिल्यांदा आलं तेव्हा आईनं विचारलं होतं, "काला कधी हाय रं?" सात दिवसांचं काही म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं हरिनाम सप्ताहच यायचा. पहाटे काकडा, दिवसा पारायण, रात्री कीर्तन, पहारेकऱ्यांनी आळीपाळीनं उभं राहायचं पण वीणा खाली ठेवायची नाही, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होऊन गावजेवण. शिबिराचा कागद शाळेच्या भिंतीला चिकटवला होता, तो मी तिला वाचून दाखवला. पाचला उठणे, प्रभातफेरी, श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. ती म्हणाली, "मंग सप्ताच की. निस्ता देव न्हाई त्यात."

मला हसू आलं, पण म्हातारीनं नेमकं धरलं होतं. विंझरपासून वेल्ह्यापर्यंतचा हा सगळा मुलूख भाताचा. ज्येष्ठात रोप टाकायचं, आषाढात चिखलात वाकून लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग झोडणी. पावसाळ्यात अंगावरचं इरलं निघत नाही. माणसाला जरा मान वर करायला मिळते ती पौष-माघात. आमचे सप्ताह, जत्रा, लग्नं सगळी त्याच्यापुढंच. सलग तीन वर्षं वही घेऊन बसायला इथं कुणाकडं होती? घरातला एक गडी मुंबईला, दुसरा शेतात, आणि बाया दोन्हीकडं. त्यामुळं इथं जे शिक्षण टिकलं ते सवडीत मावणारं. अख्खी ज्ञानेश्वरी कानावरून जायची ती सातच दिवसांत, आणि अक्षर न येणाऱ्या आमच्या आईला तिच्यातलं पुष्कळ पाठ होतं.

सरकारलाही हे कधीकधी उमगलं. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. तिथं 1959 साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. थोरल्या माणसांना काही महिन्यांत लिहाय-वाचायला शिकवायचं, आणि अख्खं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा. पुढं ती सगळ्या महाराष्ट्रात गेली. कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसलेले मिशीवाले बाप्ये माझ्या पिढीनं पाहिलेत. त्यातले काही नंतर पुन्हा अंगठ्यावर आले, हेही पाहिलंय. शिकलेलं वाचायला घरात कागदच नव्हता, तर अक्षर राहणार कशावर?

त्याच 1959 साली दिल्लीत एक समिती बसली होती. अध्यक्ष चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री होऊन गेलेले हे गृहस्थ महाडजवळच्या नात्याचे. आमच्या केळदवरून मढे घाट उतरलं की महाडचाच मुलूख लागतो, म्हणजे तसे शेजारीच. शाळेतून बाहेर पडून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक पोरानं आधी नऊ महिने ते वर्षभर देशसेवा सक्तीनं करावी, असं त्या समितीनं सुचवलं. ते काही झालं नाही. दहा वर्षं कागद फिरले, आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 ला, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती ऐच्छिक म्हणून, 37 विद्यापीठांत, 40 हजार पोरापोरींना घेऊन. वर्षाला 120 तास काम आणि एक निवासी शिबिर. शिबिर आधी दहा दिवसांचं असायचं, मग सातावर आलं. चिंतामणरावांच्या नऊ महिन्यांचे सात दिवस झाले म्हणून कुणी हळहळेल. मला विचाराल तर नऊ महिने शहरातली पोरं आमच्या वाडीनं पोसली नसती.

तर ते शिबिर. मी शेजारच्या वाडीवर मास्तर होतो, म्हणून शाळेच्या खोल्यांची व्यवस्था माझ्याकडं आली. झोडणी उरकलेली, रानं मोकळी. पन्नासेक पोरंपोरी टेम्पोतून उतरली. पहिल्या दिवशी फावड्यानं फोड आले, दुसऱ्या दिवशी निम्म्यांनी हाताला फडकी बांधली, तिसऱ्या दिवसापासून काम दिसायला लागलं. ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटची रिकामी पोती वाळू-मातीनं भरायची, तोंडं शिवायची आणि विटेसारखी सांधे मोडून रचायची. माघात पाणी अडलं, म्हशी डुंबायला लागल्या, कोपऱ्यातल्या दोन वाफ्यांवर कांदा झाला. मृगाच्या पावसात पोती वाहून गेली. गावात बोंब झाली, की बघा, पोराटोरांचं काम. खरं म्हणजे तो बंधारा एका हिवाळ्यापुरताच असतो. दरसाल भादवा सरला, ओढ्याची धार बारीक झाली की गावानं तो पुन्हा घालायचा असतो. हे पोरांनी सांगितलं होतं, मी स्वतः ऐकलं होतं. पुढच्या दोन वर्षांत आम्ही एक पोतं भरलं नाही. त्यात त्या पोरांचा काय दोष?

बौद्धिकाला गावातली माणसं फारशी येत नसत. एका दुपारी डॉक्टर येऊन विंचूदंशावर बोलले. इकडं लाल विंचू फार. दगड उचला, पेंढा ओढा, हाताशी असतोच. त्यांनी महाडकडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम समजावून सांगितलं. लाल विंचवाच्या विषाचा घाला हृदयावर पडतो, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, आणि पुढं फुफ्फुसात पाणी होऊन माणूस जातो. बिरवाडीच्या साध्या दवाखान्यात रोगी डोळ्यांसमोर जाताना पाहून बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी वापरली, त्याचा अभ्यास लिहून काढला, आणि तो पार लॅन्सेटसारख्या विलायती मासिकात छापून आला. गोळी अगदी स्वस्तातली. मी मान डोलावली. बाया मागं बसून शेंगा सोलत होत्या.

रात्री त्याच विषयावर पोरांनी पथनाट्य केलं. एक किडकिडीत पोरगी धोतर नेसून विंचू चावलेला गडी झाली. लोळली, ओरडली, मांत्रिक झालेल्या पोरानं तिच्यावर राख फुंकली तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग दुसरी पोरगी पुढं आली, तिनं त्या गड्याचा हात धरला आणि ओरडली, "हात गार पडलाय! गाडी बोलवा!" एवढंच. आमची थोरली वहिनी पुढच्या रांगेत होती. चौथी शिकलेली, माहेर घाटाच्या पलीकडं.

त्यानंतरच्या जेठात दादा सरपण ओढायला गेला आणि त्याला विंचवानं मारलं. रात्रीचे नऊ वाजलेले, पाऊस पडायच्या बेतात. वडिलांनी नेहमीसारखा खालच्या वस्तीवरच्या विंचू उतरवणाऱ्याला सांगावा धाडला. त्याचं नाव मोठं होतं. काळ्या विंचवाचं दुखणं आपोआपच उतरतं, ते श्रेय त्याला मिळायचं. वहिनीनं दादाचा हात हातात घेतला, पाठीवरून पदर फिरवला, तो ओला झाला. सासऱ्यापुढं कधी मान वर न करणारी बाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मामंजी, हात गार पडल्यात. आता मंत्र नको, गाडी बगा." वडील म्हणाले, "तुला काय कळतंय?" ती म्हणाली, "त्या पोरीनं दाखवलं व्हतं." मग माझ्याकडं वळून, "भावजी, तुम्ही व्हता की तिथं!" होतो. डॉक्टरांचं बोलणं मी समोर बसून ऐकलं होतं, बावस्करांचं नावसुद्धा मला पाठ झालं होतं, आणि तरी त्या घटकेला मी वडिलांच्या तोंडाकडं बघत उभा होतो. दुधाची गाडी काढली. वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गोळी मिळाली, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी दादानं चहा मागितला.

आखूड शिक्षणाची तरफदारी मी करतोय असं कुणाला वाटेल, म्हणून दुसरीही गोष्ट सांगतो. एका संस्थेनं वाडीत पंधरा दिवसांचा शिवणवर्ग घेतला होता. बारा बाया, दोन मशिनी. शेवटच्या दिवशी पाहुणे आले, सर्टिफिकेटं वाटली, फोटो काढले आणि मशिनी टेम्पोत घालून नेल्या. वहिनीचं सर्टिफिकेट अजून देव्हाऱ्यामागं आहे. त्या शिक्षणावर तिनं आजवर एक झबलं शिवलेलं नाही. सात दिवस असोत की पंधरा, मागं काहीतरी हाताशी राहिलं पाहिजे. गोळी तरी, नाहीतर मशीन तरी.

विंझरला अमृतेश्वर महाविद्यालय निघालं, त्यानं मोठा फरक पडला. त्याआधी आमच्याकडं कॉलेज म्हणजे भोर नाहीतर पुणं. चेलाडीपर्यंत एस.टी., पुढं दुसरी गाडी. पोरीचा एस.टी.चा पास बारावीपर्यंत फुकट. त्यापुढं पैसे, आणि पैशांपेक्षा घरच्यांची ना. आता कॉलेजच रस्त्याला लागून आलं. पुणे विद्यापीठाच्या असल्या लहान कॉलेजांतून विद्यापीठाचे पहिल्या काळातले कुलगुरू बॅ. जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला होते, पोरींसाठी निर्भय कन्या अभियानाखाली एक-दोन दिवसांचं कराटे आणि आरोग्याचं शिबिर होतं. जाणकार म्हणतील, दोन दिवसांत काय कराटे येणार? काही येत नाही. पण अशा कार्यक्रमांना आयांना बोलावतात, आणि आई एकदा कॉलेजच्या फाटकातून आत जाऊन, खुर्चीवर बसून, चहा पिऊन आली की ती जागा तिच्या ओळखीची होते. आठ मार्चच्या मेळाव्याला वहिनी तशी गेली होती. येताना संडास स्वच्छ आहेत का, मॅडम किती आहेत, शेवटची गाडी किती वाजता सुटते, सगळं बघून आली. पोरगी बारावी झाली तेव्हा दादानं लग्नाचा विषय काढला. वहिनी म्हणाली, "कॉलेज म्या बघितलंय. पोरगी तिथं जानार." दादा काही बोलला नाही. विंचवाच्या रात्रीपासून तो तिच्यापुढं तसा कमीच बोलतो.

पुतणी राष्ट्रीय सेवा योजनेत गेली. दुसऱ्या वर्षी तिचं शिबिर घेऱ्यातल्या एका गावी होतं. वहिनीनं नाचणीच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला आणि मला म्हणाली, "चला भावजी, बघून येऊ." रात्री देवळापुढं नाटक सुरू होतं. विषय तोच. चावलेला गडी झाली होती आमची पुतणी. धोतर नीट नेसता आलं नव्हतं, पण लोळत होती झकास. लोक हसत होते. वहिनी पुढच्या रांगेतून अर्धी उठली आणि सगळ्या गावादेखत ओरडली, "अगं, नुसती लोळू नगंस! हात गार पडत्यात ते दाव आदी!"