पुरंदरची शेतकी पेढी आणि पतपेढीचा मार्ग

१८७५ च्या दंग्यांत पुणे व नगर जिल्ह्यांतील कुणब्यांनी सावकारांकडील कर्जरोखे जाळले, हे सर्वश्रुत आहे. सावकार नको, तर कर्ज द्यावे कोणी? सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना मांडली; रानडे तिला अनुकूल होते. भांडवल धनिकांचे, वसुली मात्र सरकारी यंत्रणेमार्फत, असा तिचा घाट होता. १८८४ मध्ये हिंदुस्थान सरकारने शिफारस करूनही भारतमंत्र्यांनी ती फेटाळली.

१९०४ च्या कायद्याने दुसरी वाट धरली. ग्रामीण पतपेढीत ऋणको हाच सभासद आणि जबाबदारी सामान्यतः अमर्यादित. एकाने बुडविले तर इतरांनी भरावयाचे. शेजाऱ्याची पत शेजारी जाणतो, हे तिचे बळ खरे. परंतु जेथे सारेच कर्जबाजारी, तेथे ठेवी यावयाच्या कोठून? १९११ साली ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली, ती आमच्या मते याच अडचणीपायी. म्हणजे पतपेढीलाही अखेर बँकेचाच आधार लागला! तरीही १९५१–५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३.१, तर व्यापारी बँकांचा एकाहूनही कमी आढळला. वेडरबर्नांच्या पेढीने याहून अधिक साधले असते काय, हे ठरविण्याची संधी पुरंदरास मिळालीच नाही.