हरताळ आणि डिलीट



महावीर जन्मकल्याणकाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आमच्या महिला मंडळानं माता त्रिशलेच्या स्वप्नांचा फलक करायचं काम माझ्याकडं दिलं होतं. मुलानं मोबाईलवरच्या एका ॲपला दोन ओळी सांगितल्या आणि अर्ध्या मिनिटात सोनेरी झळाळीचं चित्र तयार! लगेच फ्लेक्स छापून आणला. संध्याकाळी मंदिराच्या हॉलमध्ये तो उलगडला, तेव्हा सासूबाई जवळ आल्या आणि एकेका चित्रावर बोट ठेवून मोजायला लागल्या.

"अगं, चौदाच भरतात. मासे कुठं गेले? सिंहासन? आणि ही ध्वजा कुठनं आली?"

मी गारच पडले. आपल्या दिगंबर परंपरेत स्वप्नं सोळा. श्वेतांबर परंपरेत चौदा. त्यांच्यात ध्वजा आहे, आणि आपल्याकडचं मीनयुगल, सिंहासन, नागभवन नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण मी ॲपला "त्रिशलेची स्वप्नं" एवढंच सांगितलं होतं आणि छापायला देण्याआधी मोजलं नव्हतं. चूक फोनची नव्हती, माझी होती.

त्या रात्री झोप लागेना. हे यंत्र आल्यापासून आपली कला बिघडली का, असं मनात घोळत राहिलं. मग जुन्या पोथ्यांबद्दल जे काही वाचलं होतं ते आठवत गेले, आणि लक्षात आलं की असा प्रश्न पडायची ही पहिली वेळ नाही.

दानचिंतामणी अत्तिमब्बेचं नाव आपण शास्त्रदानाच्या प्रसंगी हमखास घेतो. सुमारे हजार वर्षांपूर्वीची ही कर्नाटकातली श्राविका. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती तिनं ताडपत्रांवर करवून वाटल्या, अशी परंपरा सांगते. हजार प्रती, आणि प्रत्येक अक्षर लोखंडी लेखणीनं कोरलेलं! म्हणजे एकाच गोष्टीच्या पुष्कळ प्रती काढायची हौस संगणकानं आणलेली नाही. ती आपल्यात पूर्वीपासून आहे, आणि ती पुण्यकर्म मानली गेली आहे.

गुजरातेत पाटण, खंभात या भागात ताडपत्रावर चित्रंही काढत. पान जेमतेम दोन-अडीच इंच रुंद, त्यात चित्राला मिळायची चौकोनी चिमूटभर जागा. तेवढ्यात अख्खा जन्मोत्सव बसवायचा. चौदाव्या शतकात पश्चिम भारतातल्या पोथ्यांसाठी कागद रुळू लागला. आता जागा वाढवता येत होती, रंग कागदावर छान बसत होते. मग चित्रकला एका रात्रीत बहरली का? नाही हो! कागदही ताडपत्रासारखाच लांबट कापला गेला. ताडपत्राला दोरा ओवायला भोक असायचं. कागदाला त्याची गरज उरली नव्हती, तरी त्या जागी लाल, निळे, सोनेरी गोल ठिपके कितीतरी वर्षं काढले जात होते. मला तर हे वाचून हसूच आलं. आपणही फोनवर वहीसारख्या रेघा मारलेलं पान उघडतोच की! नवं साधन हाती आलं तरी हात जुन्याच वळणानं चालतो. नव्यात काय करता येईल हे उमगायला पिढ्या जातात.

पंधराव्या शतकात मात्र कल्पसूत्राच्या पोथ्यांना बहर आला. श्वेतांबर व्यापारी घराण्यांनी सोन्याच्या शाईत पोथ्या लिहवून घेतल्या. तांबड्या पार्श्वभूमीच्या जागी गडद निळा आला. मागणी एवढी वाढली की पुष्कळ पोथ्यांत तोच प्रसंग, तीच मांडणी, चेहऱ्याबाहेर आलेला तोच डोळा पुन्हा पुन्हा दिसतो. आजच्या भाषेत म्हणायचं तर टेम्प्लेट. पण त्याच शतकाच्या उत्तरार्धातली अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडाराची पोथी बघा. समासात नर्तकींच्या तऱ्हा आहेत, इराणी वळणाच्या आकृती आहेत, पानावर नजर ठरत नाही. कागद तोच, रंग तेच, ग्रंथही तोच. एकानं काम उरकलं आणि दुसरा त्यात रमला, एवढाच फरक.

आता शीर्षकातली हरताळ. आपण "अमक्यानं सगळ्या कष्टांवर हरताळ फासली" असं सहज म्हणतो. हा पिवळा खनिज पदार्थ विषारी असतो. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळ फासायची, ती वाळली की वर बरोबर अक्षर लिहायचं. कीड लागू नये म्हणून कागदालाही ती लावत. लेखकाचं लिहून झालं की जाणकार पोथी वाचून शोधून घ्यायचे. म्हणून जुन्या पानांवर आजही पिवळे डाग दिसतात. इथं कुणीतरी चुकलं होतं आणि कुणीतरी लक्ष देऊन ते नीट केलं, याची ती खूण.

फोनवरच्या डिलीटचा डाग राहत नाही. ते सोयीचंच आहे, मी रोज वापरते. पण पुसणं फुकट झालं की आधी विचार करायची सवय सुटते, आणि नंतर तपासायचीही. माझं नेमकं हेच झालं.

छपाई आली तेव्हाही वाद झाले. शास्त्र छापणं म्हणजे अविनय, असं म्हणणारे आपल्या समाजात पुष्कळ होते. हातानं पोथ्या लिहिणाऱ्यांचं काम गेलं, ते सुंदर वळण गेलं, हे खरंच. पण मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर जपलेला धवल ग्रंथ ज्यांना फक्त नमस्कारापुरता ठाऊक होता, त्यांच्या हाती तो डॉ. हिरालाल जैनांच्या संपादनानं १९३९ पासून अमरावतीहून सोळा खंडांत छापील येऊ लागला. तुमच्या-माझ्यासारख्या बायका घरी बसून स्वाध्याय करतात, तो छापखान्यामुळेच.

आणि गेलेलं ते वळण? तेही थोडं परत आलंय, तेसुद्धा संगणकातूनच. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटानं कल्पसूत्राच्या पोथ्यांतली अक्षरं अभ्यासून 'जैनी' नावाचा देवनागरी फाँट केला आहे. त्याचंच 'जैनी पूर्व' नावाचं भावंड जुनी अक्षररूपं जपतं. जाड, टोकदार, ठसठशीत अक्षर. बोरूनं लिहिणाऱ्या कुण्या अनाम लेखकाचा हात आज माझ्या लॅपटॉपवर चालतो. तो फाँट करणाऱ्यांनी एकेका अक्षरापाशी थांबून पाहिलं असणार. यंत्र तेच, जे मी अर्ध्या मिनिटात वापरून मोकळी झाले.

म्हणून यंत्राला शिव्या द्यायला मी धजत नाही. मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. सासूबाई दरवर्षी पाटावर रांगोळीनं सोळा स्वप्नं काढायच्या. हात थरथरायला लागले तसं ते थांबलं. "शिकून घे," असं त्या मला किती वेळा म्हणाल्या, आणि मी "पुढच्या वर्षी" म्हणत राहिले. परवा त्या हॉलमध्ये नसत्या, तर चौदांचा फलक तसाच लागला असता आणि आमच्या पाठशाळेतली मुलं तेवढीच मोजून घरी गेली असती.

पहाटे उठून आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. त्या सांगत गेल्या, मी काढत गेले. मासे तीनदा बिघडले. "शेपट्या वर घे, पाण्यात खेळतायत ते, ताटात नाहीत," असं म्हणून त्या हसल्या. मग ध्वजेवर पिवळा कागद चिकटवून त्यावर मासे लावले, आणि खाली सिंहासन आणि नागभवन जोडलं. झगझगीत फ्लेक्सवर ती ठिगळं लांबूनही दिसत होती. एका लहानग्यानं विचारलंच, "काकू, इथं पिवळं का?"

मग त्याला हरताळीची गोष्ट सांगितली, आणि बोट ठेवून सोळा मोजायला लावली.

या पर्युषणात पाट मी मांडणार आहे. सासूबाई शेजारी खुर्चीवर बसतील. तुमच्या घरी असं काही हातातलं शिकायचं राहिलं असेल, तर सांगणारं माणूस आहे तोवर बसा त्यांच्यापाशी.

जय जिनेंद्र.