उबदार वाफा: उरलेल्या ऊर्जेची गोष्ट

छतावरच्या सौर पॅनेलची दुपारी उरलेली वीज ग्रीनहाऊसच्या मातीखालच्या केबलमध्ये सोडायची आणि भाजीची मुळं उबदार ठेवायची, ही कल्पना आज नवी वाटते. पण मातीला खालून ऊब देणं जुनंच आहे. आणि ते दर वेळी कुणाच्या तरी उरलेल्या गोष्टीवर चाललंय.

एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस घ्या. शहरभर घोडे, म्हणजे लीदही भरपूर. भाजीचे बागवान ती वाफ्यात दाबून भरत, वर मातीचा थर, त्यावर काच. लीद कुजताना तापते. त्यामुळे ऐन थंडीत सॅलड आणि मुळे निघत. विसाव्या शतकात मोटारी आल्या, घोडे गेले. काच होती, कसब होतं. पण ऊब देणारी लीदच मिळेना.

मग वीज आली. 1920 च्या दशकात नॉर्वे-स्वीडनमध्ये जलविद्युत मुबलक होती आणि रात्री तिला गिऱ्हाईक कमी. ती मातीखालच्या केबलमध्ये गेली. 1930 च्या दशकात अमेरिकेतली कृषी विद्यापीठं शेतकऱ्यांना विजेचे वाफे कसे करायचे ते शिकवत होती.

आता फरक बघा. रात्रीची वीज थंडीच्याच वेळी मिळायची. सौर वीज दुपारी उरते, थंडी पडते पहाटे. म्हणजे मधले बारा-पंधरा तास मातीनंच ऊब सांभाळायची. ओली माती हे करू शकते. एक चौरस मीटर वाफा, 20 सेंटिमीटर खोल, 5 अंशांनी तापवायला साधारण पाऊण युनिट वीज पुरते. त्यासाठी वेगळी बॅटरी नको. मात्र डिसेंबरात उत्तरेकडे ऊनच तुटपुंजं. खरा फायदा वसंतात, दिवस मोठे आणि रात्री गार असतात तेव्हा.

पण इतिहास एक इशाराही देतो. उरलेलं कायम उरत नाही. जर्मनीत आज उन्हाच्या दुपारी विजेचा घाऊक भाव कधीकधी शून्याखाली जातो, हे खरं. उद्या हीच वीज बॅटऱ्या आणि मोटारी घेतील. तेव्हा फुकट विजेच्या भरवशावर उघडा ठेवलेला वाफा गारच पडणार.

पॅरिसचे बागवान रात्री काचेवर गवताच्या चटया अंथरत. लीद भरपूर होती, तरीही. आपणही आधी चटई बघावी, केबल नंतर.