काडीमोड, पाट आणि कादंबरीतील नायिका

दिव्याहून लोकलने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, "सर, ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मधली विधवा यमुना पुन्हा लग्न करते, यात नवल काय? माझ्या आजीने नवरा जिवंत असताना काडीमोड घेऊन पाट लावला. तिलाही मायेचं माणूस हवं होतं."

पांढरपेशांना जे बंड वाटले, ती श्रमिक जातींत रूढीच होती. रखमाबाईंच्या विधवा आईने, जयंतीबाईंनी, सुतार जातीत डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. मात्र रूढीचा आधार तोकडा होता. खुद्द रखमाबाईंना १८८७ साली न्यायालयाने बजावले: नवऱ्याकडे नांदा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. इकडे पाटाच्या बाईला मान कमी, आणि काडीमोडाचा निवाडा पंचायतीतल्या पुरुषांच्या हाती.

म्हणून बाबासाहेबांना कायदा हवा होता. शूद्र समाजात घटस्फोट आधीपासूनच आहे, हे त्यांनी हिंदू कोड बिलावर बोलताना सभागृहाला सुनावले. बिल बाजूला पडले. १९५१ च्या त्यांच्या राजीनाम्याचे ते एक कारण ठरले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाचा हक्क दिला आणि रूढीचा काडीमोडही कायम ठेवला.

यमुनेला लेखक मिळाला. त्या आजीला अजून मिळायचा आहे. विद्यार्थिनीला मी एवढेच म्हणालो, "तू लिही."