कंपवात आणि रोग्याची साक्ष

माझी हयात कामगार संघटनेत गेली. वैद्यक मी शिकलो नाही. पण १८१७ साली कंपवातावर प्रसिद्ध निबंध लिहिणारा जेम्स पार्किन्सन आमच्याच पंथाचा निघाला, म्हणून त्याच्या वाटेला गेलो. लंडनच्या हॉक्स्टन वस्तीतला हा वैद्य. थॉमस हार्डी या जोडे शिवणाऱ्या कारागिराने १७९२ साली काढलेल्या, सामान्यांना मताधिकार मागणाऱ्या संस्थेचा तो सभासद होता. ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने पत्रके लिही. १७९४ साली राजाच्या सल्लागार मंडळाने त्याची जबानीही घेतली.

त्याच्या निबंधात रोगी अवघे सहा. त्यांतले दोन रस्त्यात भेटलेले, एक तर दुरूनच पाहिलेला! थरथरता हात, वाकलेली पाठ, पळती चाल, सारे त्याने हुबेहूब टिपले. आणि बुद्धी मात्र शाबूत राहते, असे लिहून ठेवले. रस्त्यावरून कंप दिसतो, विसर कसा दिसणार? शार्को या फ्रेंच पंडिताने त्याच शतकात हरकत घेतली, तरी पहिल्या मताचा पगडा फार काळ टिकला.

आपल्या सातारच्या डोंगरांत खाजकुइली माजते. तिच्या बियांतून लेव्होडोपा काढल्याचे मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली प्रसिद्ध केले. १९६० नंतर याच द्रव्याने रोग्यांचे जखडलेले हात सुटले. मनाच्या तक्रारीला मात्र अजून कोणी विचारीत नव्हते.

सांगलीकडचा एक निवृत्त गिरणी कामगार मला म्हणाला, “भाऊ, साचा चालतोय, पण तुटला धागा कुठं जोडायचा ते ध्यानात येईना.” वार सांगा, शंभरातून सात वजा करा, या दवाखान्यातल्या परीक्षेत तो उत्तीर्ण! वयाचा दोष म्हणून त्याला परत पाठवले.

वास्तविक या रोगात कामाची आखणी, एका कामातून दुसऱ्याकडे वळणे, हेच पुष्कळदा आधी मंदावते. कधी मागे उदासी वा अपुरी झोप असते. कधी कंपावर दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळीच स्मरण गढूळ करते, आणि ती डॉक्टरांना बदलता येते. म्हणून प्रत्येक तक्रार बुद्धिभ्रंशाकडे जाते असे नाही. परंतु परीक्षेत निर्दोष ठरूनही तक्रार करणाऱ्यांवर काही वर्षे नजर ठेवली, तेव्हा त्यांच्यात घसरण अधिक आढळली, असे अभ्यास आहेत. २०१२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे निकष ठरवले. त्यांत रोग्याच्या व घरच्यांच्या सांगण्याला जागा मिळाली. निबंधानंतर १९५ वर्षांनी!

त्या कामगाराची पत्नी आता वही ठेवते: गोळी कोणती, किती वाजता, आणि त्या दिवशी काय अडले. दवाखान्यात ती वहीच आधी पुढे करते.