कोंड्यावर वाढलेलं डुक्कर

व्हिएतनाममध्ये सिंड्रेलासारखी एक लोककथा सांगतात. तिच्यातल्या दोन सावत्र बहिणींपैकी एकीचं नाव तम, दुसरीचं काम. तम म्हणजे तांदळाची कणी आणि काम म्हणजे कोंडा. आपल्याकडेही कोंडिबा, कोंडाबाई होतेच, त्यामुळे नावांचं मला नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं, की ज्या ‘पॉटबेली पिग’च्या रील्स आपण लोकलमध्ये बघत बसतो, त्या प्राण्याचा निम्मा इतिहास या दुसऱ्या बहिणीच्या नावात आहे.

हे डुक्कर मूळचं उत्तर व्हिएतनामचं, लाल नदीच्या त्रिभुज प्रदेशातलं. तिथल्या जातीचं नाव ‘ई’. काळं, बुटकं, पाठ मध्येच खचलेली, पोट जमिनीला टेकायला आलेलं. भातशेतीच्या त्या दाट वस्तीच्या मुलखात डुकरासाठी वेगळं धान्य राखणं गरीब घराला परवडणारं नव्हतं. तांदूळ माणसांनी खायचा, कोंडा डुकरानं. सोबत तळ्यातली नाळीची भाजी, रताळ्याचे वेल, केळीच्या खांबाचे काप आणि जलपर्णी. हो, तीच जलपर्णी, जी काढायला आपल्या महापालिका टेंडरं काढतात. सगळं बारीक चिरायचं, मोठ्या भांड्यात शिजवायचं आणि पातळ करून घालायचं.

यात पाणी आणि चोथा भरपूर, कस कमी. असं अन्न ढीगभर खावं लागतं, आणि त्यातून मिळेल तेवढं चरबी करून साठवणारं शरीर लागतं. ‘ई’ नेमकं तसं होतं. सावकाश वाढायचं, पण माणसाच्या ताटातलं फारसं काही न मागता वाढायचं. त्याचं खत भाताला जायचं आणि तेत, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या सणाला, घरात मांस यायचं. वर स्वयंपाकाला चरबी. कोंड्याचा मांडा म्हणतात तो इतका शब्दशः मला दुसरीकडे दिसलेला नाही.

१९६०च्या दशकात यातली काही डुकरं पाश्चात्त्य प्राणिसंग्रहालयांत पोचली. १९८५च्या सुमारास कीथ कॉनेल यांनी ती कॅनडात आणली, तीही प्राणिसंग्रहालयांसाठीच. पण त्यांची पिल्लं अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत शिरली आणि एकेका पिल्लाला हजारो डॉलर मोजले जाऊ लागले. जॉर्ज क्लूनीचं मॅक्स हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. २००६ मध्ये ते अठराव्या वर्षी गेलं, तेव्हाच्या बातम्यांत त्याचं वजन तीनशे पौंडांच्या, म्हणजे सुमारे १३५ किलोंच्या घरात सांगितलं होतं.

डुक्कर आलं, त्याचं ताट मागेच राहिलं. अमेरिकेत दुकानात मिळायचं ते कत्तलीच्या डुकरांचं खाद्य: मका आणि सोयाबीन. सहा महिन्यांत ११०-१२० किलो वजन गाठायचं, एवढाच त्याचा हेतू. बारा-पंधरा वर्षं जगणाऱ्या डुकरानं काय खावं, हा प्रश्न त्या धंद्याला पडण्याचं कारणच नव्हतं. त्यात घरच्यांच्या हातची बिस्किटं. अर्धपोटी दिवसांसाठी घडलेलं शरीर या सुबत्तेत फुगत गेलं. सांधे दुखायला लागले. कित्येकांच्या कपाळाच्या चरबीच्या वळ्या डोळ्यांवर उतरल्या आणि डोळे शाबूत असून दिसेनासं झालं.

मग बाजारात ‘मझुरी’सारखं, खास छोट्या डुकरांसाठीचं मोजून घालायचं खाद्य आलं. पशुवैद्य सांगू लागले, पालेभाज्या द्या, गवतात चरू द्या, फळं बेतानं, आणि पाणी कधीही तुटू देऊ नका, कारण पाणी तुटलं तर डुकराला साध्या मिठाचीही विषबाधा होते. चोथा जास्त, कस कमी. म्हणजे फिरून जवळजवळ त्या तळ्याकाठीच.

इथवर ठीक होतं. पुढचं मात्र मला लबाडीचं वाटतं. २००९ मध्ये पॅरिस हिल्टननं ‘टीकप पिग’ घेतलं आणि चहाच्या कपात मावणाऱ्या डुकराचं खूळ पसरलं. अशी जात नाही. डुक्कर काही महिन्यांचं असतानाच पिल्लं देऊ शकतं, वाढत मात्र तीनेक वर्षं तरी राहतं. गिऱ्हाईकाला अर्धवट वाढलेले आईबाप दाखवले, की पिल्लूही एवढंच राहणार असं वाटतं. वर सल्ला मिळतो, दिवसाला चमचा-दोन चमचे खाद्य पुरे. आम्ही सर्व्हरचं बिल कमी करायला रिसोर्सेस कापतो, तसा हा हिशेब. फक्त इथे समोर भुकेनं भिंत उकरणारा जीव असतो. उपासमारीनं त्याची जात बदलत नाही, वाढत्या वयात हाडं तेवढी कच्ची राहतात. ज्या जातीनं पिढ्यानपिढ्या कोंड्यावर दिवस काढले, तिच्या वंशजांना श्रीमंत घरांत तोही पोटभर मिळू नये!

तिकडे व्हिएतनाममध्ये चरबीऐवजी कमी चरबीच्या मांसाला भाव आला. आधी मोंग काय ही दुसरी देशी जात आणि मग परदेशी यॉर्कशरचे संकर यांनी ‘ई’ला मागे सारलं. आता ती नामशेष होण्याच्या काठावर आहे. डुकरांना गोणीतलं कारखान्याचं खाद्य घालतात, त्यातला बराचसा मका आणि सोयाबीन परदेशातून येतो. त्या गोणीलाही तिथले शेतकरी ‘काम’च म्हणतात.